निळी फुली

अर्जदाराच्या हातात फाईल द्यायची नाही असा त्या कार्यालयाचा नियम आहे. आपण खिडकीपाशी उभं राहायचं, फाईल आतल्या आत फिरणार, आणि तिचं पुढे काय झालं ते शिपायाला सवड असली तर तो सांगणार. पण त्या मंगळवारी शिपायाच्या दोन्ही काखांत गठ्ठे होते, वरच्या मजल्यावर जायचा जिना उंच होता, आणि त्याने ती तपकिरी फाईल सरळ माझ्या मांडीवर टाकली. "बाई, तुमचीच आहे, तुम्हीच न्या वर. मोठ्या बाईंनी मागवलीय. नाव पुकारलं की आत जायचं," असं म्हणून तो गेलासुद्धा. सात महिने मी जिच्यासाठी दर मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकत होते, ती फाईल इतकी हलकी असेल असं मला वाटलं नव्हतं. एखाद्या लहान मुलाच्या सदऱ्याइतकी हलकी. वर जाऊन मी खुर्चीवर बसले. हे कार्यालय लढाईआधी नाट्यगृह होतं. खाली तिकिटांच्या खिडक्या होत्या त्याच आता अर्जाच्या खिडक्या झाल्यात, आणि वरच्या सज्ज्यात लाल गादीच्या खुर्च्या अजून ओळीने तशाच आहेत, पाठीवर आकडे असलेल्या. पूर्वी इथे माणसं तिकीट काढून रडायला येत, आता फुकटात सोय झाली, असं मी एकदा रांगेत म्हणाले होते आणि पुढच्या-मागच्या चार बायका हसल्या होत्या. माझ्या तोंडाचा पट्टा तिथे सगळ्यांना माहीत होता. मी फाईलची नाडी सोडली. वाचावं असा काही बेत नव्हता, नाडी दिसली की सोडायची ही हाताची खोड. पहिल्याच पानावर तो माणूस उभा होता, छापील रेघांचा, नाक-डोळे नसलेला, हात जरा बाजूला धरलेला, आणि त्याच्या एका पायावर निळ्या पेन्सिलीची फुली होती. फुलीच्या एका टोकाला खाली वळलेलं बारीक शेपूट होतं. तसं शेपूट जगात एकच माणूस काढतो, आणि तो माणूस त्या क्षणी त्या खुर्चीवर बसलेला होता.

माझा भाऊ टपाल वाटायचा. त्याला आम्ही धाकटाच म्हणतो. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा आणि मी एकोणीस, त्यामुळे मी त्याची ताई किती आणि आई किती याचा हिशोब आम्ही दोघांनी कधी केला नाही. शहराच्या उतारावरच्या सगळ्या गल्ल्या त्याच्या पायाखालच्या. कुठल्या दाराला कुत्रं, कुठली म्हातारी पत्र वाचून घेतल्याशिवाय सोडत नाही, सगळं त्याला पाठ. लढाई सुरू झाली आणि त्याला बोलावणं आलं. दहा महिन्यांनी तो परत आला तो उजवा पाय गुडघ्याखालून तिकडे ठेवून. टपाल कचेरीने भलेपणा केला, त्याची जागा वर्षभर राखू म्हणाले, आणि ते वर्ष याच महिन्याच्या अखेरीला संपत होतं. त्या कार्यालयाकडून कृत्रिम पाय आला तर धाकटा पुन्हा झोळी खांद्याला लावणार, नाही आला तर ती जागा दुसऱ्याला जाणार आणि तो आमच्या खिडकीशी बसून दुसऱ्या कुणाला आपल्या गल्ल्यांतून फिरताना बघणार. एवढीच गोष्ट होती. एवढ्या गोष्टीसाठी मी त्या कार्यालयाचे उंबरठे झिजवत होते.

अर्ज केल्यावर चार महिन्यांनी पाय आला होता, नाही असं नाही; मंगळवारच्या सात महिन्यांच्या फेऱ्या त्यानंतरच्या. लांबट खोका, आत भुसा, भुशात गुंडाळलेला पाय, पट्टे नवेकोरे. धाकट्याने तो बाहेर काढला, आपल्या धडक्या पायाशेजारी ठेवला आणि बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, आता माझे दोन्ही डावेच झाले. परेडमध्ये डावा-उजवा म्हणायची कटकटच नाही, नुसतं डावा-डावा." मी हसले, तोही हसला, आणि मग तो भिंतीकडे तोंड करून निजला तो संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत उठला नाही. भोंगा झाला तेव्हा त्याला धरून तळघरात नेताना त्याचं सगळं ओझं माझ्या खांद्यावर होतं आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की ज्याने अर्ज घेतला होता त्या चार नंबरच्या खिडकीवाल्याला उद्या फाडून खायचं. सरकारी काम आणि सहा महिने थांब हे ठीक, थांबायला आपण जन्मलोच आहोत, पण उजवा पाय गेलेल्याला डावा पाय पाठवायचा? डोळे काय तिकीट खिडकीत ठेवून आला होता का मेला? असं मी त्याला दुसऱ्या दिवशी म्हटलंही, याच शब्दांत, पन्नास माणसांसमोर.

चार नंबरवाला बुटका, साठीला टेकलेला माणूस. डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली. कपडे बेतायचं काम वीस वर्षं केल्यावर माणसाचा चेहरा दिसायच्या आधी खांदे दिसतात. कोट कधीकाळी करडा असावा. उजव्या कोपरावर फाटून आतलं अस्तर जिभेसारखं बाहेर आलेलं. ज्याला स्वतःचं कोपर सांधता येत नाही तो लोकांचे पाय काय लावणार, असं मी त्या दिवशी म्हणाले की पुढच्या मंगळवारी, ते आता आठवत नाही, कारण मंगळवार पुष्कळ झाले. दर वेळी तो ऐकून घ्यायचा. "होय बाई. चूक झालीय. दुरुस्ती वर पाठवलीय. पुढल्या मंगळवारी या." पुढल्या मंगळवारी कोठार हलवलेलं असायचं, कारण जुन्या कोठाराचं छप्पर उडालेलं. त्याच्या पुढल्या मंगळवारी डावा पाय परत घ्यायचा कागद संपलेला असायचा, आणि तो कागद संपल्याचं कळवायलाही एक कागद लागायचा, तोही संपलेला. एकदा तर मला विचारलं, परत केलेला पाय वापरलेला आहे की न वापरलेला, ते लिहून द्या. मी म्हटलं, लिहा, माझ्या भावाने त्यावर पगडी वाळत घातली होती. तो मान खाली घालून 'न वापरलेला' असं लिहीत राहिला. घरी आले की धाकटा दोरीवर पडद्यासारख्या टांगलेल्या पांघरुणाआडून विचारायचा, "ताई, आज काय बोललीस त्याला?" आणि मी नकला करून सांगायचे. त्या सात महिन्यांत त्या घरात जे काही हसू झालं ते त्या बिचाऱ्याच्या जिवावर झालं. बिचाऱ्या हा शब्द मी आता वापरतेय. तेव्हा नव्हते वापरत.

आणि आता ती निळी फुली माझ्याकडे बघत होती. मी कारखान्यात गणवेश बेतते. कापड नेहमी उलटं पसरायचं, सुलट बाजू खाली, आणि खुणा आतल्या अंगाने करायच्या, म्हणजे पेन्सिल बाहेरून दिसत नाही. उलट्या कापडावर उजवा पल्ला उजवीकडेच येतो, डावा डावीकडे. माणसाच्या आत शिरून बघितल्यासारखं. वीस वर्षं मी रोज माणसांच्या आत शिरून बघितलंय, हजारो पोरांच्या उजव्या छातीवर उजवीकडे फुली मारलीय. अर्जावरचा छापील माणूस मात्र आपल्याकडे तोंड करून उभा होता, म्हणजे त्याचा उजवा पाय आपल्या डाव्या हाताला. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कळावं म्हणून सरकारने शब्दांऐवजी चित्र छापलं, आणि मला अक्षर येत असून मी त्या चित्राच्याही आत शिरले. मला तो दिवस लख्ख आठवला. खिडकीवर दांडीला बांधलेलं पेन वाळलेलं होतं. मी केसांत खोचलेली माझी निळी पेन्सिल काढली, आणि चार नंबरवाला म्हणाला होता, "निळी पेन्सिल चालत नाही हो बाई," मग माझ्याकडे बघून, "बरं, असू दे." मी रात्रपाळी करून आलेले होते, धाकटा दवाखान्यात, डोळे जळत होते, आणि माझा हात आपण होऊन गेला, उजवा तो उजवीकडे, फुली, शेपूट, झालं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण मी तर सात महिने त्या अंगणाला चपलेने मारलं होतं.

मी पान उलटलं. डॉक्टरचा दाखला, त्यात स्वच्छ लिहिलेलं, उजवा. त्याखाली कार्यशाळेची पावती, चित्राप्रमाणे डावा दिला. त्याखाली छापील नियम, आणि एका नियमाखाली कुणीतरी शिसपेन्सिलीने हलकी रेघ ओढलेली. अर्जदाराने चुकीची माहिती दिल्यास अर्ज रद्द समजून नवा अर्ज घ्यावा व तो रांगेच्या शेवटी लावावा. आमचा नंबर होता सहाशे बारा. रांगेच्या शेवटचा नंबर खाली फळ्यावर रोज लिहितात, त्या सकाळी तो पाच हजार दोनशेच्या वर होता. आणि त्याच्या मागच्या पानावर, त्या बुटक्या माणसाच्या गोल, शाळकरी अक्षरात चार ओळी. "सदर अर्ज खिडकीवर अर्जदाराच्या तोंडी सांगण्यावरून मी स्वतः भरला. चित्रावर खूण करताना माझी नजरचूक झाली. अर्जदाराचा दोष नाही. क्रमांक कायम ठेवावा." खाली सही, खिडकी क्रमांक चार, आणि तारीख. तारीख मी दोनदा वाचली. मी त्याला मेला म्हणाले होते, त्याच दिवसाची ती तारीख होती. म्हणजे माझ्या शिव्या खाऊन झाल्यावर, मी तणतणत बाहेर पडत असताना, याने फाईल उघडली, फुली बघितली, दाखला बघितला, कुणाची चूक ते ओळखलं, आणि बसून हे लिहिलं.

मला मग एकेक आठवायला लागलं. शिवणीचा एक टाका उसवला की पुढचे आपोआप उसवतात तसं. तिसऱ्या महिन्यात मी म्हटलं होतं, खड्ड्यात गेला तुमचा तो अर्ज, मी नवीन अर्ज करते, दुसऱ्या खिडकीवर करते. तेव्हा हा कधी नव्हे तो उभा राहिला होता, आवाज चढवून म्हणाला होता, "नवीन अर्ज करायचा नाही! मला हवं ते बोला, बाई, रोज येऊन बोला. पण हा अर्ज मागे घ्यायचा नाही." मला वाटलं होतं, चोराच्या मनात चांदणं, आपली चूक बाहेर पडेल म्हणून घाबरला. मी हे घरी नक्कल करून सांगितलं होतं. आणि त्या डाव्या पायानंतर त्याने खिडकीवर एक नवंच पालुपद धरलं होतं. जो येईल त्याच्यापुढे अर्ज फिरवून, चित्रावर बोट ठेवून सांगायचा, "हा माणूस तुमच्याकडे तोंड करून उभा आहे. त्याचा उजवा तो हा." प्रत्येकाला, म्हाताऱ्याला, शिकलेल्याला, सगळ्यांना. रांग खोळंबायची आणि मी मागून म्हणायचे, स्वतः चुकला आणि आता लोकांना शहाणपण शिकवतोय. त्याने एकदाही वर बघून मला सांगितलं नाही. का नाही सांगितलं, हे मला त्या लाल खुर्चीत बसून कळलं आणि त्या परिस्थितीतही हसू आलं. मला सांगितलं असतं तर मी ते तिथल्या तिथे मोठ्याने बोलले असते. माझ्या जिभेला हाड नाही हे त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. माझ्या भावाचा पाय त्याने माझ्याच तोंडापासून सात महिने जपला होता. मला लाज वाटली, खूप वाटली, पण लाज फार वेळ टिकली नाही. तिच्या खालून दुसरंच काही वर येत होतं. दोन वर्षं मी या शहरात दातओठ खाऊन चालत होते. खिडक्यांच्या काचांना कागदाच्या पट्ट्या, रांगा, भोंगे, शिक्के, आणि कुठेच कुणी माणूस नाही असं वाटत होतं. आणि इथे, मी ज्या एका माणसाला माणूस म्हणायला तयार नव्हते, तोच रोज माझ्यासमोर बसलेला होता. मी डोळे पुसले नाहीत. आकडे लिहिलेल्या त्या खुर्च्यांवर तसं रडणं काही नवीन नसावं.

नाव पुकारलं गेलं तेव्हा नाडीची गाठ मी पुन्हा बांधली होती. मोठ्या बाई म्हणजे सगळ्या खिडक्यांवरच्या अधिकारी. खोली पूर्वी नटांची रंगपटाची होती, भिंतीभर आरसा, आणि आरशापुढे फायलींचे ढीग. बाई माझ्याच वयाच्या, थकलेल्या, शिवण नीट असलेल्या कपड्यांतल्या. टेबलाच्या या बाजूला चार नंबरवाला उभा होता, हात पाठीमागे बांधून. माझ्या हातात फाईल बघताच त्याचा चेहरा उतरला. त्याने एकदा फाईलच्या नाडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. गाठ माझी होती, कारखान्यातली, आणि ते त्याला कळलं.

"बसा," मोठ्या बाई म्हणाल्या. "दुसरा पाय खाली आलेला आहे. पण क्रमांक कायम ठेवून दुसऱ्यांदा पाय द्यायचा तर चूक कार्यालयाची होती याची मला खात्री करून घ्यावी लागते." त्यांनी पहिलं पान काढलं आणि बोट फुलीवर ठेवलं. "हे म्हणतात अर्ज त्यांनी भरला. आमच्याकडे निळी पेन्सिल मिळत नाही. कुणी केली ही खूण?"

खालून कुणाच्या तरी कुबड्यांचा आवाज येत होता. चार नंबरवाला जमिनीकडे बघत होता. त्याला वाटलं असणार, झालं, आता ही बोलणार. आणि मला बोलायचंच होतं. माझ्या घशाशी आभाराचे शब्द आले होते, जन्मात कधी नव्हे इतके, आणि त्यातला एक जरी बाहेर पडला असता तर पाय सहाशे तेराव्याला गेला असता आणि या माणसावर खोटं लिहिल्याचा ठपका. आयुष्यभर लोक मला तोंड आवर म्हणून सांगत आले. पहिल्यांदाच मला कळलं की हे तोंड मला कशासाठी दिलंय.

"कुणी केली म्हणजे?" मी ताडकन उभी राहिले. "यांनी! आणखी कुणी? दांडीचं पेन वाळलेलं, त्यात शाई भरायची शुद्ध नाही, आणि माझ्या डोक्यातली पेन्सिल मागून घेतली! माझी पेन्सिल, कामाची, ती परत करायचीसुद्धा यांना आठवण नव्हती, मीच हिसकून घेतली. उजवा सांगितला, तीनदा सांगितला, आणि यांनी बघा कुठे फुली मारली! सात महिने, बाईसाहेब! सात महिने माझा भाऊ एका पायावर बसून आहे ते या माणसापायी. याच्यासारखा माणूस मी," इथे माझा आवाज फाटला, "याच्यासारखा माणूस मी जन्मात बघितला नाही!"

त्याने मान वर केली. चष्म्याआड त्याचे डोळे पाण्याने भरले होते. तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "होय बाई. चूक झाली माझी."

मोठ्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग त्याच्याकडे. "हा तुमचा तिसरा शेरा," त्या हळू म्हणाल्या. "तिन्ही एकाच प्रकारचे. क्रमांक कायम ठेवावा. चार नंबरच्या खिडकीवर फार नजरचुका होतात."

"वय झालं, बाईसाहेब."

"बढती नाही मिळायची."

"या वयात कसली बढती."

त्यांनी पुन्हा ती फुली बघितली, फुलीचं शेपूट बघितलं. माझ्या केसांत पेन्सिल खोचलेलीच होती, हे मला तेव्हा समोरच्या आरशात दिसलं. त्यांनाही दिसलं असणार. त्यांनी शिक्का उचलला, त्यावर फुंकर मारली आणि पानावर दाबला. "पाय खाली घ्या. उजवा आहे ना, ते इथेच खोका उघडून बघून घ्या," त्या म्हणाल्या.

उजवा होता. मी तो भुशातून काढून दोन्ही हातांत धरला. रांगेतल्या बायका बघत होत्या, आज ही काय बोलते म्हणून वाट बघत होत्या. चार नंबरवाला आपल्या खिडकीत जाऊन बसला होता आणि पुढच्या बाईसमोर अर्ज फिरवत होता. "हा माणूस तुमच्याकडे तोंड करून उभा आहे." अस्तर कोपरातून बाहेर आलेलंच होतं. मी जाता जाता खिडकीवर थाप मारली. "आणि तो कोट! सरकारच्या माणसाला शोभतो का? मंगळवारी कारखान्याच्या फाटकावर आणून टाका. कोपर कसं सांधतात ते एकदा दाखवते तुम्हाला!" बायका हसल्या. तो वर न बघता म्हणाला, "बरं, बाई."

घरी पट्टे आवळताना धाकट्याने सवयीने विचारलं, "ताई, आज काय बोललीस त्याला?" मी सांगितलं. या वेळी नक्कल केली नाही, फुलीपासून शिक्क्यापर्यंत सगळं सांगितलं. तो पट्ट्याचं एकच भोक पुन्हा पुन्हा चाचपत राहिला. मग म्हणाला, पत्र लिहूया त्यांना. मी म्हटलं, अरे वेड्या, तिथे गेलेला प्रत्येक कागद फाईलला लागतो, त्या माणसाचे आभार कुठे लिहायची सोय नाही. तो टेबलाला धरून उठला. पहिल्यांदा तोल गेला, दुसऱ्यांदा उभा राहिला, आणि मी हात पुढे केला तो त्याने बाजूला सारला.

"मग पाकीट कोरंच दे, ताई," तो म्हणाला. "वर फक्त पत्ता घाल. सोमवारी माझं पहिलं टपाल तेच. मी स्वतः चालत जाऊन त्यांच्या हातात देईन."

मी केसांतली पेन्सिल काढली आणि पाकिटावर लिहिलं, खिडकी क्रमांक चार.